पोळ्यापासून दिवाळीपर्यंत: हुंगण्याच्या चटईचा पाच महिन्यांचा अनुभव

आमची भुरी ही रस्त्यावरून घरी आणलेली चार वर्षांची देशी कुत्री. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो, त्यामुळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीचे, म्हणजे वाईट शक्तींच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचे, ढोल-ताशे घरात बसून ऐकू येतात आणि तेथून दिवाळीपर्यंत आवाज व पाहुणे यांना खंड नसतो. गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती न्हाणीघरात बादलीमागे थरथरत बसून राहिली. ते पाहवले नाही, म्हणून यंदा जूनमध्येच मी ‘स्नफल मॅट’ या नावाने मिळणारी चटई आणि एक पोकळ रबरी खेळणे घेतले.

चटईला फ्लीस कापडाच्या दाट पट्ट्या असतात. त्यांत कोरडे खाद्य लपवायचे आणि कुत्र्याने ते नाकाने हुडकायचे. खेळण्यात मी घट्ट दही व उकडलेले लाल कोहळे भरून गोठवते. हुंगणे, चाटणे व चावणे यांनी कुत्रे शांत होते, हे मला आता पटले आहे. याउलट घरात चेंडू फेकण्याच्या खेळाने भुरी अधिकच उत्तेजित होऊन धापा टाकत असे, म्हणून सणाच्या दिवसांत मी तो बंद ठेवला.

जून-जुलैत, घर शांत असताना, रोज संध्याकाळचे अर्धे जेवण चटईतूनच दिले. ही सवय आधी लागली नसती, तर पुढचे काहीही साधले नसते असे माझे ठाम मत आहे. मारबतीच्या दिवशी ताशा कडाडला तेव्हा तिचे कान मागे गेले, ती उठून दारापर्यंत गेली, तिने एक लांब जांभई दिली, जी झोपेची नसून ताणाची असते, आणि परत येऊन जी पट्टी अर्धवट सोडली होती तीच पुन्हा नाकाने उचलली. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

लक्ष्मीपूजनाला मात्र मर्यादा कळली. अंधार पडण्यापूर्वी तिला फिरवून आणले, आतल्या खोलीत पडदे ओढले, बाहेरचा आवाज दबावा म्हणून पाण्याविना कूलर सुरू ठेवला. तरीही गल्लीच्या तोंडाशी सुतळी बॉम्ब फुटल्यावर तिने दह्याकडे पाहिलेसुद्धा नाही. कुत्रे आवडते खाणेही नाकारते तेव्हा भीती खेळाच्या पलीकडे गेलेली असते, त्या वेळी आग्रह करू नये. मी जवळ बसून तिच्या छातीवरून हात फिरवत राहिले. धीर दिल्याने भीती वाढते ही समजूत चुकीची आहे. पाऊण तासाने ती आपणहून चाटू लागली. ज्यांचे कुत्रे दरवर्षी इतके घाबरते, त्यांनी सणाच्या काही आठवडे आधीच पशुवैद्यकांशी औषधाबाबत बोलावे.

पाहुण्यांसाठीही चटई उपयोगी पडली. मुलांनी लाडाने चिवडा भरवण्याऐवजी तिचेच खाद्य पट्ट्यांत लपवले आणि ती शोधत असताना तिला हात लावायचा नाही, हेही पाळले. चिवड्यातील मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, हे घरातल्या मोठ्यांनाही माहीत नव्हते.

तक्रार एकच: दोन महिन्यांत काही पट्ट्या निघाल्या आणि पावसाळ्यात चटई वाळायला दोन-दोन दिवस लागून तिला कुबट वास येई. कुत्र्याने पट्टी गिळू नये म्हणून चटई नजरेसमोरच द्यावी. निघालेल्या पट्ट्यांच्या जागी मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या बांधल्या. त्या लवकर वाळतात आणि भुरीला अधिक आवडतात. आता तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतील, म्हणून दुसरी चटई संपूर्ण साडीचीच करायला घेतली आहे.