शेळ्यांसाठी स्वस्तातलं मिल्किंग मशिन: ओढतात सगळीच, सोडतं कोणतं ते बघा

एक बादली, दोन कप, गाड्यावर बसवलेली मोटर आणि पंप. ८ ते १५ दुभत्या शेळ्यांना असं छोटं मशिन पुरतं. पण पेटीतून काढलं आणि तसंच शेळीला लावलं, असं करू नका. यातली बरीचशी मशिनं मुळात गाईच्या हिशेबाने जुळवलेली असतात. चाराऐवजी दोन कप दिले की ती शेळीची म्हणून विकली जातात. दाब गाईचा, ठेका गाईचा आणि सड मात्र शेळीचा. काही आठवड्यांत सडाची टोकं खरखरीत होऊन फुगीर कडा दिसायला लागतात, आणि कासदाह शिरतो तो तिथूनच.

घेण्याआधी एकच गोष्ट नीट बघा: कप दुपदरी आहे का. चांगल्या कपात बाहेर कडक नळकांडं असतं आणि आत रबराचं किंवा सिलिकॉनचं लायनर. दोन्हींच्या मधल्या पोकळीत पल्सेटर आळीपाळीने हवा सोडतो आणि ओढतो. हवा आली की लायनर सडावर मिटतं, ओढ थांबते आणि सडात साकळलेलं रक्त परत फिरतं. अगदी स्वस्त मशिनांत ही पोकळीच नसते. एकपदरी सिलिकॉनचा कप थेट पिस्टन पंपाच्या झटक्यांवर चालतो. दूध त्यानेही निघतं, कधी कधी भराभर निघतं, पण सडाला दाबून मोकळं करणारं काही नसतं. असं मशिन आठवडाभर हात दुखतोय म्हणून वापरलं तर चालेल, रोज दोन वेळच्या धारेला नको. मोटर किती वॉटची आणि बादली किती चकचकीत, हे नंतर.

परीक्षा सोपी आहे. मशिन चालू करून कपात अंगठा घाला. ओढ जाणवेल, मग स्पष्ट आवळल्यासारखं वाटेल, मग पुन्हा ओढ. नुसतीच कमीजास्त ओढ लागली आणि आवळणं जाणवलंच नाही तर एक तर पल्सेटर चालत नाही, किंवा पल्सेटरपासून कपाकडे जाणारी बारीक पल्स नळी दुमडली आहे. दोन्ही कपांत एकेक अंगठा घालून बघा. एकच कप मेलेला असणं हा नेहमीचा दोष आहे.

आता जुळवणी. शेळीसाठी व्हॅक्यूम, म्हणजे ओढीचा जोर, ३६ ते ४० किलोपास्कल ठेवा, म्हणजे साधारण ११ ते १२ इंच पारा. स्वस्त गेजवर आकडे एमपीएमध्ये (मेगापास्कल) असतात आणि काटा ०.०४च्या रेघेच्या जरा अलीकडे आणावा लागतो. कपांची तोंडं बंद करून, पल्सेटर चालू ठेवून रेग्युलेटरचा, म्हणजे ओढ कमीजास्त करणाऱ्या झडपेचा, स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. प्रत्येक वेळी काटा स्थिर होऊ द्या. रेग्युलेटरमधून हवा आत जाताना हलकी सीं-सीं ऐकू आली पाहिजे, कारण ती पंपाची शिल्लक ताकद आहे. तो गप्प असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा पंप कमी पडतोय. मग एक कप क्षणभर उघडून पुन्हा बंद करा. काटा ३-४ सेकंदांत जागेवर यायला हवा. रेंगाळला तर धार चालू असताना एक कप निसटला की दुसराही गळून पडणार.

पल्सेटरचा ठेका मिनिटाला ९०च्या आसपास धरा. घड्याळ लावून १५ सेकंद टिकटिक मोजा, २२-२३ भरली की झालं. प्रमाण ६०:४० चांगलं. म्हणजे एका ठेक्यात साधारण ०.४ सेकंद दूध ओढायचं आणि पाव सेकंदाहून थोडा जास्त आवळायचं. ठेका बहुधा स्क्रूने बदलता येतो, प्रमाण मात्र बऱ्याच साध्या पल्सेटरवर कायमचं असतं, ते घेतानाच विचारा. थेट पिस्टनवाल्यांत ठेकाही गिअरबॉक्सवर ठरलेला, बहुधा ६०च्या आसपास. तिथे काही करता येत नाही.

गळती शोधायला साबणाचा फेस लावू नका. आत हवा ओढली जाते, त्यामुळे बुडबुडे येतच नाहीत, फेस मात्र आत जातो. पंप बंद करून काटा किती पटकन पडतो ते बघा आणि एकेका सांध्यावर ओलं बोट ठेवत जा. काटा थांबला तिथे गळती. दहातल्या आठ वेळा दोष झाकणाच्या गॅस्केटचाच, म्हणजे रबरी कड्याचाच, निघतो. गॅस्केट पुसून, उलटून बसवलं तर बरेचदा भागतं. बादली आणि पंप यांच्यामध्ये ओलावा अडवणारी बाटली असलीच पाहिजे. गाड्यावर पंप बादलीच्या शेजारीच, खाली असतो. बादली भरून वाहिली तर दूध थेट पंपात.

लायनरचं तोंड शेळीच्या सडाला बेताचं हवं. पहिल्या वेताच्या शेळीचे सड बारीक असतात. सैल लायनर चूं-चूं आवाज करत घसरतं आणि शिरलेल्या हवेच्या झोताने दुधाचे थेंब दुसऱ्या सडाच्या तोंडावर आपटतात. एका सडाचा रोग दुसऱ्यात जायला एवढं पुरे. दूध जिथे एकत्र होतं त्या तुकड्यावर सुईएवढं हवेचं भोक असतं, ते बुजलं तर नळीत दूध अडतं. पिनेने मोकळं करा, मोठं करू नका. आणि पल्स नळीत दुधाचा थेंब दिसला की लायनर फाटलंय, वेगळी तपासणी नको.

शेळ्यांना आधी आवाजाची सवय करा: आठवडाभर खुराकाच्या वेळी मशिन नुसतं चालू ठेवा. धारेच्या वेळी पहिल्या दोन-तीन चिळा काळ्या कपड्यावर किंवा गाळणीच्या पेल्यात काढून गुठळ्या बघा, सड पुसून कोरडे करा, कास चोळून पान्हा येऊ द्या, मगच कप. साधारण २ ते ४ मिनिटांत धार बारीक होते. तेव्हा आधी व्हॅक्यूम बंद करा आणि मग कप काढा. ओढ चालू असताना खेचलेला कप सड दुखावतो. तळातलं शेवटचं घोटभर दूध निघावं म्हणून मशिन लावून ठेवण्याची हौस सगळ्यात महाग पडते. शेवटी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि शेळीपुढे चारा टाका. ती अर्धा तास उभी राहिली की सडाचं तोंड मिटतं.

धुण्याचा त्रास जाहिरातीत कुणी सांगत नाही. धार संपताच कोमट पाणी, ३५ ते ४० अंश, कपांतून बादलीत ओढून घ्या. पहिल्यांदाच कढत पाणी घातलं तर दुधातली प्रथिनं नळीला चिकटून बसतात. नंतर ७० अंशाच्या आसपासच्या पाण्यात अल्कली पावडर. ओढताना कप पाण्यात-बाहेर करत राहा, मध्ये शिरणारी हवाच नळी घासते. पाणी ४० अंशांखाली उतरायच्या आत बाहेर काढा, नाहीतर सुटलेलं तूप परत बसतं. पुन्हा साधं पाणी, आणि कप तोंड खाली करून टांगा. दुधाचा खडा धरू नये म्हणून आठवड्यातून एकदा आम्लाचं धुणं. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

वेळेचा हिशेब असा. हाताने एका शेळीला ५ मिनिटं, मशिनवर तयारी धरून ३, आणि वर जोडणं-धुणं २० मिनिटं. म्हणजे १० शेळ्यांवर बरोबरी. त्याखाली वेळ वाचत नाही. वाचतात ती मनगटं, आणि ज्याची बोटं सुजतात त्याला तेवढंच पुष्कळ. तीन-चार शेळ्यांना मशिन घेऊ नका.

घेताना त्याच खेपेला सुटे भाग मागा: लायनरचा एक जोड, पल्सेटरचा पडदा, झाकणाचं गॅस्केट, पल्स नळी. रबरी लायनर आतून चरे पडलेलं किंवा चिकट लागलं की बदलायचं, फाटायची वाट बघायची नाही. विकणाऱ्याकडे लायनरच मिळत नसेल तर मशिन कितीही स्वस्त असो, तिथे घेऊ नका.