वेब्ली सीनिअर एअर पिस्तूल विकत घेताना झालेली माझी फसवणूक

गेल्या वर्षी मार्चमध्ये बर्मिंगहॅमजवळ भरलेल्या जुन्या शस्त्रांच्या एका विक्री-प्रदर्शनात मी ४८० पौंड रोख देऊन वेब्ली कंपनीचे ‘सीनिअर’ नावाचे एक एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबाने छरे मारणारे पिस्तूल, विकत घेतले. पुढे जाणकारांना दाखवल्यावर त्याचे मोल जेमतेम १३० पौंड असल्याचे कळले. या व्यवहारात मला कोणत्या क्रमाने फसवले गेले आणि कोणत्या गोष्टी तपासल्या असत्या तर मी वाचलो असतो, हे सविस्तर लिहीत आहे, कारण जुन्या वस्तूंचा छंद असलेले बरेच मराठी लोक आता इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत आणि अशा प्रदर्शनांना हौसेने जातात.

माझी ओढ घरगुती कारणाची होती. माझे आजोबा सांगलीत वकिली करीत. त्यांचे एक छायाचित्र आमच्याकडे आहे, ज्यात ते वाड्याच्या ओसरीवर बसले असून त्यांच्या हातात छऱ्याचे पिस्तूल आहे. छायाचित्राच्या मागे शाईने १९३३ हे साल लिहिलेले आहे. ते पिस्तूल ‘वेब्ली’ होते असे आजी सांगत असे. पुढे ते कुठे गेले हे घरात कोणालाच ठाऊक नाही. मी नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला आलो आणि त्याच शहरात वेब्ली अँड स्कॉट कंपनीचा कारखाना होता, हे कळल्यापासून तसे एखादे पिस्तूल आपल्या घरी असावे असे मला वाटू लागले होते.

प्रदर्शनात एका टेबलावर निळसर काळ्या रंगाने चमकणारे एक पिस्तूल पुठ्ठ्याच्या खोक्यात मांडलेले दिसले. विक्रेता मध्यमवयीन, बोलण्यात अतिशय अदबशीर होता. मी काय शोधतो आहे असे त्याने विचारले आणि मी आजोबांची सगळी हकिकत, छायाचित्राच्या सालासकट, त्याला सांगून टाकली. माझी पहिली चूक हीच होती. त्यानंतर पाच मिनिटांतच ते पिस्तूल ‘१९३० सालचे, पहिल्याच वर्षीचे सीनिअर, कधीही न वापरलेले, मूळ खोक्यासह’ ठरले. मी येण्यापूर्वी त्याच पिस्तुलाचे वर्णन तो दुसऱ्या कोणाला कसे करीत होता, हे मी ऐकायला हवे होते.

वेब्लीचे पहिले एअर पिस्तूल, मार्क वन, १९२४ मध्ये बाजारात आले. सीनिअर हे मोठे आणि अधिक जोरकस पिस्तूल १९३० मध्ये आले आणि १९६४ पर्यंत, म्हणजे तब्बल चौतीस वर्षे, निघत राहिले. म्हणजेच ‘वेब्ली सीनिअर’ या नावाखाली दुसऱ्या महायुद्धापूर्वीची दुर्मीळ पिस्तुले येतात आणि युद्धानंतर मोठ्या संख्येने निघालेलीही येतात, आणि दोघांच्या किमतीत मोठे अंतर असते. सुरुवातीच्या सीनिअरची मूठ जवळजवळ सरळ खाली उतरते, तर १९३५ पासूनच्या नमुन्यात ती मागे तिरकी कललेली असते. यासाठी भिंग लागत नाही की हत्यार लागत नाही, दोन पावलांवरूनही हा फरक दिसतो. मी घेतलेल्या पिस्तुलाची मूठ तिरकी होती. ते १९३० चे असणे शक्यच नव्हते, आणि आजोबांच्या हातातल्या पिस्तुलाची मूठ सरळ आहे हे मी लहानपणापासून त्या छायाचित्रात पाहत आलो होतो. तरीही त्या क्षणी ते माझ्या ध्यानात आले नाही, कारण मी मूठ पाहत नव्हतो, मी त्या पिस्तुलाचा चकचकीत रंग पाहत होतो.

त्या रंगाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण जुन्या एअर पिस्तुलाची किंमत सर्वांत जास्त त्यावरच अवलंबून असते. पोलादावरचा निळसर काळा मुलामा कारखान्यात दिलेला असेल आणि तो नव्वद टक्के टिकून असेल तर एक किंमत, साठ टक्के टिकून असेल तर त्याहून बरीच कमी. परंतु जुना मुलामा घासून काढून नव्याने चढवलेला असेल तर संग्राहकांच्या लेखी ते पिस्तूल साठ टक्केवाल्याच्याही खाली जाते. नवख्या माणसाला नेमके उलटे वाटते, कारण नव्याने चढवलेला मुलामा अधिक झळकतो. तो ओळखण्याच्या खुणा मला नंतर एका वृद्ध इंग्रज संग्राहकाने माझ्याच पिस्तुलावर बोट ठेवून दाखवल्या. नवा मुलामा देण्यापूर्वी पृष्ठभाग यंत्रावर घासावा लागतो आणि त्या घासण्याने धारदार कडा गोलसर होतात, स्क्रूंच्या भोकांभोवती उथळ खळगे पडतात, आणि कंपनीचे नाव, पेटंटांचे तपशील व पंख असलेल्या गोळीचे वेब्लीचे बोधचिन्ह ही कोरीव अक्षरे पुसट होतात. माझ्या पिस्तुलावर त्या गोळीचा एक पंख अर्धा नाहीसा झालेला होता. शिवाय मुलाम्याच्या खाली गंजाने पडलेले बारीक खड्डे होते. गंजाचे खड्डे कारखान्यानंतरचे आणि त्यांच्या आतला रंगही तितकाच ताजा, याचा अर्थ एकच होऊ शकतो: मुलामा पुन्हा चढवलेला होता. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या होत्या आणि त्या फाटलेल्या कडांवरही नवा रंग बसलेला होता.

‘कधीही न वापरलेले’ हा दावाही जागेवरच तपासता आला असता. वेब्लीच्या या पिस्तुलांत नळी हवेच्या सिलिंडरच्या वर बसवलेली असते. मागची कडी सोडवून नळी उचलायची आणि पुढच्या बिजागरीवर पुढे फिरवायची, की आतला दट्ट्या ओढला जाऊन स्प्रिंग दाबली जाते. हजारो वेळा ही क्रिया झाली की बिजागरी सैल पडते. रंग पुन्हा देता येतो, पण हा ढिलेपणा त्याने जात नाही. माझ्या पिस्तुलाची नळी बंद स्थितीत धरून आडवी हलवली तर स्पष्टपणे डुगडुगत होती. त्यातच या पिस्तुलांच्या ०.१७७ आणि ०.२२ इंच अशा दोन मापांच्या नळ्या अदलाबदल करता येतात, त्यामुळे आज एखाद्या पिस्तुलावर दिसणारी नळी मूळचीच असेल याची खात्री नसते. माझ्या पिस्तुलाच्या नळीचा रंग आणि सिलिंडरचा रंग उन्हात धरल्यावर वेगवेगळे दिसले. प्रदर्शनाच्या पिवळ्या दिव्यांखाली ते एकसारखे वाटले होते.

मुठीवरच्या काळ्या चौकडीच्या पट्ट्या नव्या ओतीव राळेच्या निघाल्या. अशा पट्ट्या सुट्या भागांचे व्यापारी उघडपणे विकतात आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्यांना मूळच्या म्हणून सांगणे.

आता खोक्याविषयी. मूळचे खोके, माहितीपत्रक आणि छऱ्यांची डबी बरोबर असेल तर किंमत बरीच वाढते, आणि म्हणूनच खोक्यांच्या हुबेहूब प्रतिकृती छापल्या जातात. मी घरी आणलेल्या खोक्याच्या लेबलावर त्या संग्राहकाने एका छोट्या अतिनील विजेरीचा प्रकाश टाकला, तेव्हा ते लेबल निळ्या-पांढऱ्या उजेडाने झळाळले. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात जी चमकदार रसायने घालतात, ती साधारण १९५० च्या सुमारास वापरात आली. १९३० च्या लेबलात ती असू शकत नाहीत. ही विजेरी काही पौंडांत मिळते. मी ती त्याच आठवड्यात विकत घेतली आणि तेव्हापासून ती माझ्या खिशात असते.

मात्र मला सर्वांत जास्त खंत वाटते ती किमतीच्या बाबतीत, कारण तिथे मी स्वतःला सावध समजत होतो. ५५० पौंड ही त्याची मागणी ऐकून मी पुरावा मागितला होता. त्याने लगेच छापील कागदांची एक फाइल काढली, ज्यात चार सीनिअर पिस्तुलांच्या ५५० ते ६५० पौंडांच्या नोंदी होत्या. त्या पाहून ४८० मला रास्त वाटले. त्या चारपैकी तीन नोंदी केवळ विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती होत्या. ती पिस्तुले त्या भावाला विकली गेली होती असे कुठेही म्हटलेले नव्हते. चौथी नोंद खऱ्या विक्रीची होती, पण ते सरळ मुठीचे, मूळ मुलाम्याचे आणि खऱ्या खोक्याचे पिस्तूल होते, आणि तो आकडा खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेल्या एकूण रकमेचा होता.

लिलावाच्या आकड्यांतला हा फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे. अखेरची बोली २०० पौंडांची असेल आणि लिलावगृहाची खरेदीदारावरची दलाली २५ टक्के असेल, तर ५० पौंड दलाली आणि त्या दलालीवर २० टक्के करापोटी आणखी १० पौंड मिळून खरेदीदाराला २६० पौंड मोजावे लागतात. विक्रेत्याच्याही बोलीतून दलाली कापली जाते, त्यामुळे त्याच्या हाती २०० पेक्षा कमी पडतात. एकाच पिस्तुलाच्या एकाच विक्रीचे असे तीन आकडे असतात आणि विकणारा त्यातला सर्वांत मोठा आकडा पुढे करतो. दुकानदाराला विकायला गेलात तर तो आणखी कमी देतो, कारण त्याला दुकान चालवायचे असते. मला १२० पौंड देऊ करणाऱ्या दुकानदाराने हे कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले आणि मला त्याचा राग आला नाही. मी आता तिरक्या मुठीच्या, नव्याने मुलामा दिलेल्या सीनिअरच्या जेवढ्या जुन्या लिलावांच्या नोंदी सापडल्या तेवढ्या एका वहीत उतरवल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अखेरच्या बोल्या शंभर ते दीडशे पौंडांच्या दरम्यान आहेत. हे काम मी आधी केले असते तर त्याला एक संध्याकाळ पुरली असती.

त्याच विक्रेत्याने दोन आठवड्यांनी मला फोन करून वाल्थर कंपनीचे एलपी ५३ हे पिस्तूल देऊ केले आणि ‘हेच ते जेम्स बाँडचे’ असे सांगून एका लिलावाचा दाखला दिला. त्यातली हकिकत खरी आहे. १९६३ मध्ये शॉन कॉनरी यांची प्रसिद्धीसाठी छायाचित्रे काढताना बाँडचे नेहमीचे पिस्तूल हजर नव्हते, म्हणून छायाचित्रकार डेव्हिड हर्न यांचे स्वतःचे एलपी ५३ एअर पिस्तूल कॉनरी यांच्या हाती देण्यात आले, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये लंडनच्या लिलावात त्या पिस्तुलाला २,७७,२५० पौंड मिळाले. पण ते पैसे त्या एका पिस्तुलाला आणि त्याच्या सिद्ध झालेल्या इतिहासाला मिळाले. एलपी ५३ चे उत्पादन १९८० नंतरही चालू होते. त्यातल्या प्रत्येकाला बाँडचे नाव लावून भाव वाढवणे हा माझ्या मते त्याच फसवणुकीचा दुसरा प्रकार आहे. मी नकार दिला आणि त्याच वेळी माझे पैसे परत मागितले. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

कायद्याचा आधार मला का घेता आला नाही, तेही सांगतो. इंग्लंडमध्ये व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने ती तीस दिवसांत परत करता येते, आणि खाजगी विक्रीतही खोटे वर्णन करून विकण्याची मुभा नाही. परंतु माझ्याकडे पावती नव्हती, पैसे रोख दिलेले होते आणि ‘१९३०’, ‘न वापरलेले’, ‘मूळ खोके’ हे तिन्ही शब्द केवळ तोंडी उच्चारले गेले होते. त्याने ते एका कागदावर लिहून सही करून दिले असते तर छोट्या दाव्यांच्या न्यायालयात मला उभे राहता आले असते. लिहून द्यायला जो विक्रेता कचरतो त्याच्याकडून मी आता पाच पौंडांची वस्तूही घेत नाही.

ते पिस्तूल मी ऑगस्टमध्ये विकले. घेणारा तरुण नेमबाजीसाठी, वापरायलाच ते नेणार होता, म्हणून मुलामा नवा असणे त्याच्या दृष्टीने अडचणीचे नव्हते. त्याला मी तिरकी मूठ, बदललेल्या पट्ट्या, सैल बिजागरी आणि नवा मुलामा, सगळे लिहून सहीनिशी दिले आणि त्याने १२५ पौंड दिले. खोके मी त्याला दिले, पण त्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने मोठ्या अक्षरांत ‘प्रतिकृती’ असे इंग्रजीत लिहिले आणि लेबलावरही तोच शब्द आडवा लिहिला.