साइटचं शेड्यूल कशात ठेवायचं: गुगल शीट, एमएस प्रोजेक्ट की प्रायमव्हेरा?

बांधकामाचं शेड्यूल पहिल्यांदा बनवायला तिन्ही चालतात. खरा फरक कळतो तो दर शनिवारी ते अपडेट करायची वेळ आली की. म्हणून निवडताना मी आधी हे बघतो: अपडेट करणाऱ्याने घाई केली, तर चूक दिसते की झाकली जाते?

तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, धरा. शेड्यूलमध्ये ३ ते १२ मार्च. सुतार आले ८ तारखेला. १२ च्या संध्याकाळी सुपरवायझर फोनवर सांगतो, "साहेब, अर्धं झालंय."

एमएस प्रोजेक्टमध्ये तुम्ही ५० टक्के टाकून मोकळे झालात, की काम ३ तारखेलाच सुरू झालं असं तो परस्पर धरतो. पाच दिवसांचा उशीर गायब. राहिलेलं अर्धं काम होऊन गेलेल्या तारखांवरच पडून राहतं, आणि पुढचं सळई-काँक्रीट जागचं हलत नाही. पडद्यावर सगळं छान. बरोबर पद्धत अशी: 'ॲक्च्युअल स्टार्ट' ८ टाकायचा, 'रिमेनिंग ड्युरेशन' म्हणजे अजून किती दिवस लागतील ते सुतारालाच विचारून भरायचं, मग 'अपडेट प्रोजेक्ट'मधून उरलेलं काम आजच्या पुढे ढकलायचं. यातली तिसरी पायरी बहुतेक जण विसरतात. मीही वर्षभर विसरत होतो.

एमएस प्रोजेक्टचा दुसरा काटा म्हणजे 'स्टार्ट'च्या रकान्यात हाताने तारीख टाकणं. तसं केलं की 'याच्या आधी सुरू करू नये' अशी अट त्या कामाला गुपचूप चिकटते. सहा महिन्यांत फाइल अशा अटींनी भरते आणि आधीचं काम लवकर संपलं तरी पुढचं अलीकडे येत नाही. शिवाय फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर असेल तर एका वेळी एकच जण लिहू शकतो. दुसऱ्याला ती फक्त वाचायला मिळते. मग तो कॉपी करतो, आणि 'फायनल रिव्हाइज्ड ३' जन्माला येते.

प्रायमव्हेरा पी६ इथे कडक आहे. शेड्यूल पुन्हा काढायला एफ९ दाबताना 'डेटा डेट', म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतची प्रगती भरली ती तारीख, द्यावी लागते आणि न झालेलं सगळं काम त्या तारखेच्या पुढे जातं. हँडओव्हर दोन आठवड्यांनी सरकला तर तो सरकलेलाच दिसतो, कुणाला आवडो न आवडो. डेटाबेस असल्यामुळे सिव्हिलवाला आणि एमईपीवाला (वीज-प्लंबिंग वगैरे बघणारा) एकाच प्रोजेक्टवर एकाच वेळी काम करू शकतात. मात्र 'स्टार्टेड'वर टिक केली की इथेही नियोजित तारीखच आपोआप येते. ती बदलायची जबाबदारी तुमचीच. आणि पी६ला पूर्णवेळ माणूस लागतो. एका कामावर आमचा प्लॅनिंग इंजिनिअर मध्येच सोडून गेला. त्यानंतर चार महिने पी६ मीटिंगपुरते बारचार्ट छापायचं मशीन झालं होतं.

गुगल शीटला यातलं काहीच कळत नाही. पण सुपरवायझर स्लॅबवर उभा राहून मोबाइलवरून तारीख भरतो, आणि कोणी कधी काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत सापडतं. सुट्ट्या धरून पुढच्या तारखा काढायला 'वर्कडे' फॉर्म्युला पुरतो. धोका एकच: फॉर्म्युल्यावर कुणी हाताने तारीख टाकली की साखळी तिथेच तुटते आणि शीट चकार शब्द काढत नाही. ते रकाने लॉक करा. मूळ तारखा शेजारच्या रकान्यात वेगळ्या गोठवून ठेवा.

माझा कौल: बंगला किंवा एकच विंग, साठ-सत्तर ओळींचं काम असेल तर शीट. कामं शेकड्यात, एकमेकांत गुंतलेली, आणि अपडेट करणारा एकच शिस्तीचा माणूस असेल तर एमएस प्रोजेक्ट. तीन-चार ठेकेदार असतील, किंवा करारातच एक्सईआर फाइल (पी६मधून निघणारी) मागितली असेल, तर पी६. तिथे पर्याय शोधत बसू नका.

एमएस प्रोजेक्ट घेणार असाल तर नीट बघून घ्या. डेस्कटॉप आवृत्ती वेगळी आणि 'प्रोजेक्ट ऑनलाइन' वेगळं. मायक्रोसॉफ्टने ही ऑनलाइन सेवा ३० सप्टेंबर २०२६ ला बंद करण्याचं जाहीर केलं आहे, तेव्हा दोन वर्षांचं शेड्यूल आज त्यात चढवू नका.