टीआय-८४ प्लस बरेच महिने वापरल्यावर: घातांक टाकताना कंस घालाच

बेळगावात टिळकवाडीत पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांच्या शिकवण्या घेतो. सीईटीला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पण आलेख काढून दाखवायला टीआय-८४ प्लस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर सेकंड हँड घेतला आणि तेव्हापासून रोज हातात आहे. बटणं दणकट, चार ट्रिपल ए सेलवर भरपूर चालतोय, स्क्रीन तेवढी जुन्या वळणाची. खरं सांगायचंय ते घातांकाचं.

८^२/३ दाबलं की २१.३३ येतंय, कारण हा आधी ८ चा वर्ग करतो मग ३ नं भागतो, ८^(२/३) दाबा, बरोबर ४ येईल. तसंच -२^२ म्हणजे -४ आणि (-२)^२ म्हणजे ४. घात आधी, उणे नंतर, हा वहीतलाच नियम. पण एक्सेलमध्ये =-२^२ टाकलं तर ४ येतं, मग पोरं विचारतात, "सर, ह्यो चुकूलालाय काय?" चुकत नाही बाबा, एक्सेलचा नियमच वेगळा. आणि उणेसाठी एन्टरशेजारचं बटण दाबायचं, सुरुवातीलाच वजाबाकीचं दाबलं तर आधीचं उत्तर येऊन चिकटतंय.

मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे आलेखाची सूत्रं टाकायच्या जागांपैकी वाय१ मध्ये २^एक्स+१ आणि वाय२ मध्ये २^(एक्स+१) टाकून बघणं. दोन्ही रेघा वाय अक्षाला २ वरच छेदतात, म्हणून फक्त शून्यापाशी तपासणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. टेबल उघडून एक्स ३ घ्या, एकीकडं ९, दुसरीकडं १६! डावीकडं पहिली १ च्या जवळ जाऊन टेकते, दुसरी ० च्या. कंसानं काय होतं हे फळ्यावर इतकं पटत नाही.

मॅथप्रिंट मोडमध्ये घात वर चढून दिसतो, कंस कमी लागतात, पण उजवा बाण दाबून खाली उतरला नाही तर पुढचं सगळं घातातच जातं. उणे पायाला कंस तिथंही लागतोच.

सोसायटीतल्या ठेवीचं गणितही यावर करतो. १०,००० रुपये, ८ टक्के, दरमहा चक्रवाढ, ५ वर्षं: १००००*(१+.०८/१२)^(१२*५) म्हणजे १४,८९८ रुपये. शेवटचा, १२*५ भोवतीचा कंस घातलाच नाही की ५४,१५० च्या आसपास, एवढं व्याज कोण देतंय सांगा!

नुसते आलेख बघायचे असतील तर फोनवर जिओजेब्रा फुकट मिळतं, तेवढ्यासाठी हा घेऊ नका. शिकवणी घेत असाल तर मात्र जरूर घ्या, सेकंड हँड घेताना मोड बटण दाबून मॅथप्रिंट आहे का तेवढं बघा, जुन्या व्हर्जनमध्ये ते नसतंय.