जुनं फीचर: थेट काढावं की मुदत देऊन?

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या पेढ्यांवर बिलिंग सॉफ्टवेअरला डॉट मॅट्रिक्सची (कागदावर पिना आपटून छापणाऱ्या जुन्या प्रिंटरची) छपाई अजून लागते. कार्बन लावला की एका दमात तीन प्रती, त्यातली एक ट्रान्सपोर्टवाल्याला. लेझरला हे जमत नाही.

ही सोय थेट काढली तर कोड सुटसुटीत, टेस्टिंग कमी. पण दिवाळीच्या गर्दीत बिल अडलं की मुनीम अपडेट घेणंच सोडतो. मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही तिथवर पोचत नाहीत.

मुदत द्यायची तर जुना-नवा दोन्ही कोड सांभाळा. अडोबीने फ्लॅश (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन-व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर) बंद करणार हे जुलै २०१७ मध्ये सांगितलं, थांबवलं ३१ डिसेंबर २०२० ला. मी मुदतीच्याच बाजूचा. फक्त इशारा छपाईच्या बटणापाशी दिसावा (ईमेल कोण वाचतं?), तारीख पुढे ढकलू नये आणि मार्चअखेर तर मुळीच धरू नये.