सात महिने वापरलेला मग आणि त्याच्या झाकणातली रिंग

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेब लिहितो. हळदीचे सौदे सुरू झाले की हातातला कप कुठे ठेवला हे आठवत नाही, आणि आठवते तेव्हा गार कॉफीवर साय धरलेली असते आणि सायीवर हळदीची धूळ. या दोन्हींवर उपाय म्हणून सात महिन्यांपूर्वी मी झाकणाचा, दुहेरी भिंतीचा स्टीलचा मग 749 रुपयांना घेतला. घरात चिनी मातीचे सहा धड कप असताना एका भांड्याला एवढे पैसे घालणे माझ्या स्वभावात बसत नाही, म्हणून त्याचा हिशेबही सविस्तर देतो.

कॉफी गरम राहत नाही अशी माझी तक्रार नाही. ती फारच गरम राहते, ही पहिली तक्रार. दोन भिंतींमधली हवा काढून टाकण्याची ही युक्ती जेम्स ड्यूअर यांची, 1892 सालची. भिंतींतून उष्णता फारशी जात नाही, जायची ती तोंडाकडून, आणि तिथे झाकण बसलेले. साडेनऊला भरलेल्या कॉफीचा दहा वाजता घोट घेतला आणि जीभ भाजली. 65 अंश सेल्सिअसहून गरम पेयांमुळे अन्ननलिकेचा कर्करोग होण्याची बरीच शक्यता असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये सांगितले आहे. झाकण काढून निववावी तर धूळ पुन्हा आत. म्हणून आता घरीच पातेल्यात जरा निववून मगच भरतो.

आता त्या रिंगेविषयी. झाकणाच्या आतल्या खाचेत सिलिकॉनची एक पांढरी रिंग असते आणि माझ्या मते मगाचे सगळे मोल तिच्यात आहे. तिसऱ्या महिन्यात मला खोकला झाला, सौभाग्यवतींनी याच मगात हळद-दूध दिले आणि सकाळी रिंग पिवळीधमक. हळदीचा रंग पाण्यात नव्हे, स्निग्धांशात विरघळतो, आणि दुधाने तो नेमका रिंगेत मुरवला होता. साबण, लिंबू, खाण्याचा सोडा, सगळे करून झाले. पुढच्याच आठवड्यात मग आडवा झाला आणि झाकणातून झिरपलेली कॉफी रोजमेळाच्या दोन पानांवर पसरली.

मग सेवा केंद्राशी दोन आठवडे चार फोन झाले. झाकण वॉरंटीत येत नाही, रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण झाकण 299 रुपयांना घ्यावे लागेल, एवढेच उत्तर प्रत्येक वेळी नव्या आवाजात मिळाले. मीही आवाज चढवला. आणि एका रविवारी सौभाग्यवतींनी झाकण हातात घेऊन शांतपणे दाखवले की रिंगेची पातळ कड खाली हवी, ती धुतल्यानंतर मी उलटी बसवत होतो. सुलटी बसवल्यापासून एक थेंबही सांडलेला नाही, त्यामुळे गळतीबद्दल मी फोनवर जे बोललो ते मागे घेतो.

रिंग सुटी न विकण्याबद्दलचा राग मात्र मागे घेणार नाही. आमच्या तीस वर्षांच्या कुकरची रिंग गणपती पेठेत मागितल्याबरोबर मिळते आणि सात महिन्यांच्या मगाची मिळत नाही, हा कोणता न्याय?

पिवळेपणाचा उपाय शेवटी आमच्या धंद्यातच निघाला. हळद उन्हात राहिली की रंग उतरतो, हे यार्डातल्या हमालालाही ठाऊक आहे. मला ते रिंगेबाबत सुचायला एप्रिल उजाडला. दोन दिवस गच्चीवर ठेवली आणि रिंग जवळजवळ पांढरी झाली. वास थोडा उरला आहे, तो कॉफीच्या तेलकट थराचाही असावा. आठवड्यातून एकदा सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवल्यावर सुसह्य होतो.

दुधाची कॉफी या मगात अर्धा दिवस ठेवू नये. कोमट झाली की दूध नासते, आणि शनिवारी विसरलेला मग सोमवारी उघडण्याचा अनुभव मी घेतला आहे. घरी बसून प्यायची असेल तर कपबशीच बरी. बशीत ओतली की दोन मिनिटांत पिण्याजोगी होते.

299 रुपयांचे झाकण अजून मागवलेले नाही. रिंग आज सकाळी पुन्हा गच्चीवर ठेवली आहे, कारण काल रात्री खोकला धाकट्याला झाला होता.