फुलीवर उभं असलेलं टेबल

बर्लिनला आल्यावर पहिली दीड वर्षं मी एकाच डुगडुगत्या टेबलावर जेवलो आणि ऑफिसचं कामही तिथंच केलं. डाव्या बाजूला कोपर टेकलं की उजवीकडची आमटी हिंदकळायची. पुलांची गणितं करून पोट भरणाऱ्या माणसाच्या घरात हे शोभत नव्हतं. शेवटी जुन्या वस्तूंच्या एका ॲपवरून ९० युरोंत आयरमानचा टेबलाचा सांगाडा घेतला. त्याला आता चार वर्षं झाली, म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

एगॉन आयरमान हा कार्ल्सरूहला आर्किटेक्चर शिकवणारा प्राध्यापक. हा सांगाडा त्यानं १९५३ साली काढला, आणि इथल्या आर्किटेक्टांच्या ऑफिसांत तो आजही सर्रास दिसतो. दोन्ही टोकांना बारीक स्टीलच्या नळीची एकेक चौकट, मधे त्यांना बांधून ठेवणारी एक फुली, संपलं. वरची फळी ज्यानं त्यानं आणायची. मूळ नमुन्यात फुली तिरकी कललेली आणि वेल्डिंग करून टाकलेली, त्यामुळे जिन्यावरून नेताना हमालांचा उद्धार होणार हे नक्की. पुढे कार्ल्सरूहच्याच आडाम वीलंडनं ती उभी केली आणि स्क्रूनं सुटी होईल अशी केली. माझा सांगाडा या दुसऱ्या जातीचा. तीन सुटे भाग काखेत मारून मी मेट्रोनं घरी आलो, लोकांना वाटलं खाटेचे पाय नेतोय.

ही फुलीच सगळं काम करते. नुसती चौकट कितीही जाड पाइपची केली तरी ढकलली की कलते, तिच्यात तिरपा पाइप घातला की त्रिकोण होतात आणि त्रिकोण हलत नाही. शेडच्या छपराखालच्या लोखंडी कैचीत हेच असतं. म्हणून इतक्या बारीक नळीवर मी चढून बल्ब बदलू शकतो. (बायको घरी नसताना.)

घेताना एक बघा: फुली बरोबर मध्यावर आहे की मागे सरकवलेली. मध्यावरची दिसायला छान, पण समोरासमोर दोघं बसले की दोघांचेही गुडघे तिच्यावर आपटतात. मागे सरकवलेलीला एका बाजूला ऐसपैस जागा मिळते. माझी सरकवलेली आहे, ती नशिबानं, अकलेनं नव्हे.

ज्याच्याकडून घेतला त्यानं चारऐवजी तीनच स्क्रू दिले. चौथा "पिशवीत असेल" म्हणाला. पिशवीत नव्हता. मी जवळच्या हार्डवेअरवाल्याकडून साधारण त्याच मापाचा आणून बसवला आणि महिनाभर टेबल पुन्हा थोडं थोडं डुगडुगलं. एका स्क्रूचा एवढासा खेळ, पण फुलीचं एक टोक सैल म्हणजे फुलीच सैल. योग्य मापाचा मिळाल्यावर आवाज बंद.

वरची फळी मात्र मी नवी घेतली, आणि पैसे तिथंच गेले. क्रॉइत्सबेर्गमध्ये मोरित्सप्लाट्सला मोडुलोर नावाचं दुकान आहे. कागद, पुठ्ठा, ॲक्रिलिक, प्लाय, मॉडेल करणाऱ्याला लागेल ते सगळं. दहा मिनिटांत येतो म्हणून गेलेला माणूस तिथं दोन तास हरवतो. मी लिनोलियम चढवलेली फळी घेतली, गडद हिरवी. लिनोलियम म्हणजे प्लास्टिक नव्हे. जवसाचं तेल, राळ आणि लाकडाचा भुसा. हाताला कोमट आणि मऊ लागतं, हिवाळ्यात तर काचेच्या टेबलाकडे बघवत नाही. पहिले काही दिवस घरात जवसाचा वास होता, चटणी कुटल्यासारखा. पण गरम कुकर थेट ठेवाल तर पस्तावाल. माझ्या टेबलावर एक अर्धगोल डाग आहे, त्यावर आता लॅपटॉप असतो. हळदीचं म्हणाल तर गडद रंगावर खपून जातं, पांढरी फळी आपल्या स्वयंपाकाला नको.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा आले होते. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत त्यांचं तीस वर्षं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. त्यांनी आल्या आल्या चहाचा कप बाजूला ठेवला आणि टेबलाखाली गेले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आवाज आला, "वेल्डिंग बघ की. ग्राइंडर मारून लपवलं न्हाई. आपल्यात असं केलं तर गिऱ्हाईक म्हणंल काम अर्धंच केलंय."

मी म्हटलं, "आप्पा, नवा घेतला तर काही शे युरो पडतात."

"एवढ्याला? पाइप मोजलास का तू?"

दुसऱ्या दिवशी त्यांना कैसर विल्हेल्म स्मारक चर्चला नेलं. १९६१ चं नवं चर्च आयरमानचंच. बाहेरून काँक्रीटची करडी जाळी, आत शिरलं की जाळीतल्या प्रत्येक घरातून निळी काच पेटलेली. युद्धात मोडलेला जुना मनोरा त्याला पाडायचा होता, बर्लिनकरांनी आरडाओरडा केला म्हणून वाचला. आप्पा आत बराच वेळ मान वर करून बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "टेबलवाल्यानंच केलंय व्हय हे? मग बरोबर हाय. जोड कुठं हाय ते लपवत न्हाई गडी."

परत जायच्या आदल्या रात्री त्यांनी टेप काढला आणि औषधाच्या बिलामागे सांगाडा उतरवून घेतला. महिन्याभरानं शिरोलीहून फोटो आला. चौकटी झकास, लाल ऑक्साइड मारलेला, वर प्लाय. फुली बरोबर मध्यावर. खाली मेसेज: गुडघा लागतोय, काय चुकलं?